नाखुषीनं आलेला कर्जदार: आधी तक्ता की आधी गप्पा?

कर्जाबद्दल सल्ला घ्यायला स्वतःहून आलेला माणूस सोपा असतो. कुठल्याही पद्धतीनं बसा, काम होतं. अडचण असते पाठवलेल्या माणसाची. कुणाला बँकेच्या साहेबांनी धाडलेलं असतं, कुणाला मुलानं गाडीवर बसवून आणलेलं असतं, कुणाला बचत गटाच्या ताईंनी गळ घातलेली असते. जळगाव-धुळ्याकडे आर्थिक साक्षरता केंद्रात किंवा संस्थेत या कामाला नव्यानं लागणाऱ्याला दोन पद्धतींतून निवड करावी लागते. मी दोन्ही वापरल्या आहेत.

तक्त्याची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. पासबुकं, शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा उतारा, हप्त्यांची कार्डं मागवायची, आवक-जावक मांडायची आणि उठण्याआधी फेडीचा आराखडा हातात द्यायचा. गप्पांच्या पद्धतीत पहिल्या बैठकीला पेन उघडायचंच नाही. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी बोलण्याची जी रीत मांडली, तिच्याशी ही बरीच जुळते: उपदेश नाही, वाद नाही, माणसाच्याच तोंडून त्याची कारणं काढायची. 'कर्जाचं काही करावं असं दहापैकी किती वाटतं?' असं विचारलं आणि उत्तर 'तीन' आलं, तर 'तीनच का?' म्हणायचं नाही. 'शून्य का नाही म्हणालात?' असं विचारायचं. मग तो पोरीच्या लग्नाचं, नाहीतर गावात मान खाली घालावी लागते त्याचं सांगू लागतो.

तक्त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मायक्रोफायनान्सचंच, म्हणजे छोट्या विनातारण कर्जांचंच घ्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जायला नकोत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तो मोडलाय हे आकड्यांशिवाय दाखवता येत नाही. बँकेकडे पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून मागायचे तरी कागद लागतोच. आणि मार्चएंड तोंडावर आला असेल तर गप्पांना वेळच नसतो. सोसायटीचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला माणूस हातउसने पैसे शोधत फिरत असतो, त्याला 'कसं वाटतं?' विचारून चालत नाही.

तरीही माझं मन तक्त्यावरून उडालं ते त्याच्या शेवटच्या ओळीमुळे. 'इतर देणी'. बळजबरीनं आलेल्या माणसाच्या तक्त्यात ही ओळ हमखास कोरी राहते. बँकेचं तो सांगतो, कारण ते तुम्हाला कळणारच आहे. सोसायटीचं सांगतो, कारण ते गावाला ठाऊक आहे. पण कृषी केंद्राची उधारी, मोडीच्या भावात गहाण पडलेली बायकोच्या गळ्यातली पोत, गावातल्या 'शेठ'कडचे शेकड्यावरचे पैसे, यांबद्दल तो मान हलवून 'नाही' म्हणतो. खोटेपणापेक्षा यात लाजच जास्त असते, असं मला वाटतं. मग तुम्ही घासूनपुसून केलेला आराखडा कापूस विकला त्याच आठवड्यात कोलमडतो. पैसा आला की तो आधी न सांगितलेल्या माणसाकडे जातो, कारण दारात उभा राहणारा तोच असतो. बँकेच्या वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शेठला घड्याळ नाही.

अमळनेरकडचे एक आप्पा आठवतात. कॅरीबॅगेतून पासबुकं काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली, सगळ्या रकान्यांना 'हो भाऊ, हो भाऊ' म्हटलं. 'इतर देणी' आल्यावर टोपी सारखी केली आणि म्हणाले, "काही नाही." सही करून उठले. दाराजवळ चपला घालता घालता मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं विचारलं, "अन् त्या दुकानवालाना पैसा कोन सांगी?" बियाणं, खत, औषध सगळं उधारीवर होतं, आणि कापूस त्याच्याच काट्यावर घालायच्या बोलीवर. म्हणजे भावही तोच ठरवणार. माझा तक्ता तिथेच रद्दी झाला.

गप्पांत हे देणं उशिरा का होईना, बाहेर येतं. आणि ते येणं गरजेचं असतं, कारण आपण खरी मदत बहुधा तिथेच करू शकतो. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, व्याजापोटी बळकावलेली जमीन परत देववण्याची तरतूदही त्यात आहे. पण सावकार आहे हेच कळलं नाही तर कायदा काय करणार?

गप्पांचा त्रासही सांगतो. वेळ जातो. माणूस दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नाही. 'किती प्रकरणं झाली?' असं विचारणाऱ्या वरिष्ठांना 'बोलणं चालू आहे' हे उत्तर पटत नाही. त्यामुळे महिन्याचे आकडे द्यायचे असतील तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर पहिली बैठक गप्पांची, तक्ता दुसऱ्या बैठकीला, आणि तोही 'इतर देणी' या ओळीपासून वर भरत जायचा.

बोलावताना मात्र 'जोडीनं या' एवढं आवर्जून सांगा. गटाचं पासबुक बाईंच्याच डब्यात असतं.