दही, कडुनिंबाचं पाणी की मेडिकलची गोळी? खाज आणि पांढरं जाण्यावर काय वापरावं

आपल्या जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास, घामाने कपडे अंगाला चिकटलेले, त्यात निकर कोणाला दिसू नये म्हणून दोरीवर साडीच्या आड वाळत घालायची, म्हणजे ती धड वाळतच नाही. मग खाज सुटली, अंगावर पांढरं जायला लागलं की सल्ले सुरू, दही लाव, निंबाच्या पाण्याने धू, तुरटी वापर. लाजेपोटी बायका हेच करत बसतात आणि त्याचीच मला काळजी वाटते.

आधी एक लक्षात घ्या, सगळी खाज एक नसते. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट, भयंकर खाज पण वास फारसा नाही, तर बहुतेक बुरशी. पातळ, राखाडी, माशासारखा वास, तर बॅक्टेरियाचा बिघाड. पिवळं-हिरवट, फेसाळ, आग होतेय तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जंतू, तो शरीरसंबंधातून येतो, त्यात नवऱ्यालाही औषध लागतंच. आणि पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक जातं ते नॉर्मल आहे, त्याला काहीच नको. नुसतं बघून डॉक्टरचाही अंदाज चुकतो, तिथे आपण कुठे.

आता दही. खायला बिनधास्त खा, पण आत घालू नका. योनीत मुळातच लॅक्टोबॅसिलस जंतू असतात, ते आतलं आंबटपण (पीएच ३.८ ते ४.५) टिकवतात, पण घरच्या विरजणातले जंतू वेगळे, ते तिथे टिकतील याचा भरवसा नाही आणि सोबत दुसरं काय आत जाईल ते सांगता येत नाही. थंड वाटतं म्हणून तात्पुरता आराम पडतो, इन्फेक्शन तिथेच.

निंबाचं पाणी कोमट करून फक्त बाहेरून घेतलं तर बहुतेकींना त्रास होत नाही, कातडी चुरचुरली तर लगेच बंद करा. पण पिचकारीने आत धुणं अजिबात नको, पाणी साधं असो नाहीतर निंबाचं. त्याने चांगले जंतू वाहून जातात, बॅक्टेरियाचा त्रास वाढतो आणि जंतुसंसर्ग वर गर्भाशयापर्यंत जायची भीती असते. डेटॉल, खायचा सोडा, व्हिनेगरही तसंच. लसणाने आत भाजतं. तुरटीने आतली कातडी कोरडी पडून चिरते, मग आगीवर आग.

मेडिकलचं म्हणाल तर क्लोट्रिमाझोलची ५०० मिलीग्रॅमची योनीत ठेवायची गोळी, रात्री एकदाच. बुरशी असेल तर घरच्या सगळ्या उपायांपेक्षा हीच उजवी. पण बुरशी असेल तरच, बॅक्टेरियाला मेट्रोनिडाझोल लागतं आणि ते डॉक्टरने लिहून द्यावं. शिवाय या गोळीने कंडोम कमजोर पडू शकतो. सगळ्यात जास्त घोटाळा काउंटरवर होतो. बाई हळूच म्हणते "भाऊ, खाजेचं मलम द्या", मागे चार माणसं उभी, भाऊ काही न विचारता स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब देतो. दोन दिवस खाज दबते, मग बुरशी जोरात वाढते आणि कातडी पातळ होत जाते. ती ट्यूब दह्यापेक्षाही वाईट, असं माझं ठाम मत आहे.

जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक (गुप्तांगाच्या इन्फेक्शनचा दवाखाना) असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. या त्रासाला हिरव्या रंगाचं औषधांचं किट नंबर २ आहे, त्यात सेक्निडाझोल (बॅक्टेरिया आणि ट्रायकोमोनासवर) आणि फ्लुकोनाझोल (बुरशीवर). गरोदर असाल किंवा शंका असेल तरी आधी सांगा, फ्लुकोनाझोल गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायचं नाही.

पहिल्यांदाच होत असेल, गरोदरपण असेल, ताप, ओटीपोटात दुखणं, फोड, पाळी नसताना रक्त, यातलं काही असेल तर घरी थांबूच नका. वर्षात तीन-चार वेळा होत असेल तर शुगर तपासा. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून न्या, रंग काय, वास कसा, पाळीची शेवटची तारीख, आणि आतापर्यंत काय काय लावलं ते सगळं, तुरटीसुद्धा.