मागणी मान्य झाल्यानंतर: लॅपटॉप कंपन्यांच्या सॉफ्टवेअर-पर्यायांचे परीक्षण

लॅपटॉपच्या परीक्षणात पडदा, कीबोर्ड, बॅटरी आणि प्रोसेसर यांची चिकित्सा भरपूर होते. यंत्रासोबत कोणते सॉफ्टवेअर येते, ते निवडण्याची मुभा ग्राहकाला कितपत असते आणि त्याने वेगळे काही मागितले तर कंपनी काय करते, हा प्रश्न मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. येथे तेवढ्याच एका सेवेचे परीक्षण करायचे आहे. ग्राहकांच्या मागण्या गेल्या वीसेक वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत: लिनक्स ही मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेला किंवा कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला लॅपटॉप द्या, नवी विंडोज नको असेल त्याला जुनी द्या, आणि कोणी न मागितलेले प्रोग्रॅम डिस्कवर भरून देऊ नका. कंपन्यांनी या मागण्यांना वेळोवेळी होकारही दिला आहे, कारण ऑर्डरच्या पानावर एक पर्याय वाढवला की होकार देऊन होतो. यंत्र हाती आल्यानंतरची काही वर्षे त्याचे ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमला एकेक सुटा भाग चालवू देणारे प्रोग्रॅम) आणि फर्मवेअर (यंत्राच्या चिपांतच बसवलेले सॉफ्टवेअर) कोण सांभाळते, हे पाहून मी गुण देणार आहे.

सुरुवात डेलपासून करावी लागते. फेब्रुवारी २००७ मध्ये या कंपनीने 'आयडियास्टॉर्म' नावाची सोय सुरू केली. ग्राहकांनी सूचना मांडायच्या, इतरांनी त्यांना मते द्यायची, अशी ती व्यवस्था होती. लिनक्स बसवून द्या ही मागणी पाहता पाहता यादीत वर गेली. कंपनीने त्यावर स्वतंत्र पाहणी केली, तिला एक लाखाहून अधिक लोकांनी उत्तरे दिली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात उबुंटू ७.०४ ही लिनक्सची एक आवृत्ती बसवलेली तीन यंत्रे अमेरिकेत विक्रीस आली. त्यांपैकी एक इन्स्पिरॉन मालिकेतील लॅपटॉप होता, बाकीचे दोन डेस्कटॉप. मोठ्या कंपनीच्या मानाने हा वेग विलक्षणच म्हणावा लागेल. मात्र मॉडेलची निवड तुटपुंजी होती, युरोपातील निवडक देशांच्या ग्राहकांना त्यानंतरही काही महिने थांबावे लागले, आणि नेहमीच्या खरेदीच्या वाटेने जाणाऱ्या ग्राहकाला ही यंत्रे सहजासहजी दिसत नसत. त्याच वर्षी विस्टा या तेव्हाच्या नव्या विंडोजला कंटाळलेल्या ग्राहकांनी आधीची विंडोज एक्सपी परत मागितली, तेव्हा एप्रिलमध्ये डेलने काही घरगुती मॉडेलांवर तो पर्याय पुन्हा दिला.

जुनी विंडोज देण्याच्या मागणीला कंपन्या सर्वांत चटकन रुकार देतात, असे पुढेही दिसले. विंडोज ८ मधून स्टार्ट मेनू गेल्यावर ग्राहक नाराज झाले, तेव्हा एचपीने जानेवारी २०१४ मध्ये विंडोज ७ असलेली यंत्रे लोकाग्रहास्तव परत आणल्याची जाहिरातच केली. हे औदार्य फार महागात पडणारे नव्हते. परवान्याचे पैसे मायक्रोसॉफ्टलाच जात होते, ड्रायव्हर आधीपासून तयार होते, आणि त्या सोयीची मुदतही मायक्रोसॉफ्टच ठरवत होती; ऑक्टोबर २०१६ अखेर विंडोज ७ प्रोफेशनल बसवून नवी यंत्रे विकणे बंद झाले. या मागणीवर कंपन्यांची परीक्षा फारशी होत नाही, म्हणून मी येथे अधिक रेंगाळत नाही.

न मागितलेल्या प्रोग्रॅमांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे ग्राहकाची मागणी थेट कंपनीच्या कमाईला भिडते. चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस, खेळ आणि खरेदीचे दुवे यंत्रावर घालण्यासाठी त्यांचे निर्माते लॅपटॉप कंपन्यांना पैसे देतात, आणि लॅपटॉपवर सुटणारा नफा मुळात इतका अरुंद असतो की हे उत्पन्न सोडवत नाही. मार्च २००८ मध्ये सोनीने वायो मालिकेतील काही यंत्रांवर हा कचरा न घालता देण्यासाठी सुमारे ५० डॉलर आकारायचे ठरवले. आपल्याला नको असलेली वस्तू आपल्या पिशवीत न टाकण्याचे पैसे आपणच द्यायचे, हा हिशेब ग्राहकांना इतका झोंबला की कंपनीने लगोलग ते शुल्क मागे घेतले. निर्लज्जपणा सोडला, तर त्या शुल्काने एक उपकारही केला: या कचऱ्याला किंमत असते हे एका मोठ्या कंपनीने उघडपणे छापले.

लेनोवोचे प्रकरण याहून गंभीर आहे. २०१४ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या तिच्या घरगुती लॅपटॉपांवर 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम होता. सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून तो यंत्रावर स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे की खोटे हे ब्राउझर ज्याच्या आधारे ठरवतो ते) बसवत असे, आणि त्या प्रमाणपत्राची खासगी, म्हणजे गुप्त राहायला हवी अशी, किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती. ती किल्ली कोणीही काढून घेतली की अशा लॅपटॉपवरचा बँकेचा व्यवहारसुद्धा मध्येच वाचता येण्याची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने त्याच महिन्यात वचन दिले की यापुढे यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम, हार्डवेअर चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर, सुरक्षेचे सॉफ्टवेअर आणि लेनोवोचे स्वतःचे प्रोग्रॅम एवढेच असेल. या वचनातील शेवटची दोन कलमे पुरेशी ऐसपैस आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलेच असेल. त्याच वर्षी असेही उघड झाले की काही यंत्रांच्या बायोसमध्येच, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या फर्मवेअरमध्येच, अशी तजवीज होती, की विंडोज नव्याने बसवली तरी लेनोवोचा प्रोग्रॅम आपोआप परत येई. डिस्क पुसून कोरी विंडोज घालणे हा जाणकारांचा हमखास उपाय. तोही येथे निष्फळ ठरत होता. कंपनीने ती तजवीज काढणारे फर्मवेअर दिले, आणि २०१७ मध्ये सुपरफिशबद्दल अमेरिकेतील ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरची तडजोडही केली. या एका मागणीवर मी कोणत्याही मोठ्या कंपनीला उत्तीर्ण करणार नाही. नवा लॅपटॉप सुरू केल्यावर आजही अँटिव्हायरसच्या मुदतीची आठवण डोके वर काढतेच.

कौतुकाची जागा लिनक्सच्या बाबतीत सापडते, आणि ती पुन्हा डेलकडेच आहे. २०१२ मध्ये बार्टन जॉर्ज यांच्या पुढाकाराने कंपनीत 'प्रोजेक्ट स्पुटनिक' सुरू झाला. त्याला अंतर्गत निधीतून ४० हजार डॉलर आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली होती. एवढ्या कंपनीत ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्चच. प्रोग्रॅमर लोकांना उबुंटूसह नीट चालणारा हलका लॅपटॉप हवा आहे का, हे पाहायचे होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उबुंटू १२.०४ बसवलेली एक्सपीएस १३ ची डेव्हलपर आवृत्ती बाजारात आली. २००७ च्या प्रयोगापेक्षा ती सरस ठरली याचे कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. टचपॅडवर अनेक बोटांच्या खुणा ओळखणारा ड्रायव्हर तेव्हा लिनक्समध्ये धड नव्हता. तो लिहून घेऊन मूळ कर्नलमध्ये, म्हणजे सर्व लिनक्स आवृत्त्यांच्या सामाईक गाभ्यात, समाविष्ट व्हावा यासाठी प्रयत्न झाले. कंपनीने आपल्या डिस्कवर वेगळी ठिगळे लावून यंत्र चालते करून दिले असते, तर दुसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घातल्याबरोबर ती ठिगळे उसवली असती. मूळ प्रकल्पातच दुरुस्ती गेल्यामुळे तीच एक्सपीएस विंडोजसह विकत घेऊन नंतर स्वतः लिनक्स घालणाऱ्या ग्राहकालाही तिचा लाभ झाला. फर्मवेअरच्या बाबतीतही डेलने लवकर पाऊल उचलले. रिचर्ड ह्यूज या प्रोग्रॅमरने उभारलेल्या, लिनक्समधूनच बायोस अपडेट करू देणाऱ्या सेवेत सुरुवातीला सामील होणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ती होती. त्याआधी केवळ बायोस बदलण्यासाठी बऱ्याचदा विंडोजची एक प्रत जपून ठेवावी लागे.

तरीही या यंत्राला पूर्ण गुण देता येत नाहीत. २०२२ ची एक्सपीएस १३ प्लस ही उबुंटू २२.०४ साठी प्रमाणित झाली, आणि त्यापाठोपाठ तिच्या कॅमेऱ्याची अडचण समोर आली. इंटेलच्या नव्या रचनेत कॅमेऱ्यातून कच्चे चित्र येते आणि त्यावरचे संस्कार प्रोसेसरमधल्या वेगळ्या भागाला करावे लागतात; त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर दीर्घकाळ मूळ कर्नलमध्ये नव्हते. कंपनीने दिलेल्या उबुंटूवर कॅमेरा चाले, पण ग्राहकाने दुसरी लिनक्स घातली की तो आंधळा होई. प्रमाणपत्र खरे होते, तरी ते एकाच आवृत्तीपुरते होते, आणि स्पुटनिकने ज्या वाटेचा पाया घातला तीच वाट येथे सुटली.

लेनोवोने याच क्षेत्रात स्वतःची प्रतिमा बरीच सुधारली आहे, अर्थात ग्राहकांच्या रेट्यामुळे. २०१६ मध्ये योगा ९०० च्या एका आवृत्तीत डिस्क रेड (डिस्क जोडण्याची एक वेगळी रीत) या पद्धतीवर अशी जखडली होती की लिनक्सला ती दिसतच नसे, आणि बायोसमध्ये ती पद्धत बदलण्याची सोय नव्हती. आधी कंपनीने लिनक्सकडे योग्य ड्रायव्हर नसल्याकडे बोट दाखवले. ओरड वाढल्यावर लिनक्स वापरणाऱ्यांसाठी वेगळे बायोस दिले. २०१८ मधील थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीचा किस्सा मला अधिक बोलका वाटतो. त्या यंत्रात झोपेची जुनी अवस्था काढून टाकली होती. जुन्या अवस्थेत स्मृती सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाई. नव्या अवस्थेत यंत्र अर्धवट जागे राहते आणि वीज वाचवण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमवर येते. लिनक्सला ते तेव्हा नीट जमत नसल्यामुळे झाकण लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळपर्यंत उतरलेली असे. काही महिन्यांत कंपनीने बायोसच्या सेटिंगमध्ये झोपेसाठी 'लिनक्स' असा पर्यायच दिला. ग्राहकाच्या मागणीला दिलेले उत्तर असे असावे: जाहिरात नाही, समारंभ नाही, ऐन दुखऱ्या जागी एक साधा पर्याय. २०२० मध्ये काही थिंकपॅडांवर फेडोरा ही लिनक्सची आणखी एक आवृत्ती बसवून देण्यास लेनोवोने सुरुवात केली, आणि तीत फेडोराच्या अधिकृत भांडारातीलच सॉफ्टवेअर राहील ही अट पाळली. सुपरफिशची आठवण असलेल्या ग्राहकाला त्या अटीचे मोल सांगावे लागत नाही.

किमतीचा मुद्दा मात्र अजून तिढ्याचा आहे. विंडोज नको म्हटल्यावर तिचे पैसे वजा व्हावेत, ही अपेक्षा सरळ आहे. कंपन्या विंडोजचा परवाना घाऊक दराने घेतात, चाचणी प्रोग्रॅमांचे पैसे विंडोजच्याच यंत्रांवर मिळतात, आणि लिनक्सची वेगळी चाचणी करण्याचा खर्च कमी यंत्रांवर विभागला जातो. म्हणून लिनक्सचे यंत्र स्वस्त असेलच असे नाही. परतफेडीचा मार्गही खडतर आहे. फ्रान्समधील एका ग्राहकाने सोनीकडे आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले, तेव्हा कंपनीने खरेदी रद्द करून सगळे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, पण फक्त सॉफ्टवेअरचे पैसे देण्यास नकार दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की सॉफ्टवेअरसह संगणक विकणे ही स्वतःहून अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची किंमत वेगळी सांगण्याचेही बंधन नाही. २०२५ मध्ये लेनोवोच्या अमेरिकेतील ऑर्डरच्या पानावर काही थिंकपॅडांसाठी विंडोजऐवजी लिनक्स निवडल्यास सुमारे १४० डॉलर कमी होताना दिसले. हा मला अलीकडचा सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो, कारण तो निवड करतानाच डोळ्यांसमोर येतो.

एचपीचा 'डेव्ह वन' हा २०२२ मधील पॉप ओएस ही लिनक्सची आवृत्ती बसवलेला लॅपटॉप १,०९९ डॉलरला चांगला सौदा होता. पण तो फक्त अमेरिकेत विकला गेला आणि पुढची पिढी न येताच यादीतून गेला. लहान कंपन्यांना मागणीची दखल घ्यावी लागत नाही, कारण त्यांचा जन्मच तिच्यातून झालेला असतो. २००५ पासून चालू असलेली सिस्टम७६ लिनक्सखेरीज काही बसवून देत नाही. फ्रेमवर्क २०२१ पासून ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, सुटे भाग जोडण्याच्या स्वरूपात लॅपटॉप देते, आणि तेथे विंडोजचा परवाना हा स्मृती किंवा डिस्कसारखाच वेगळा निवडायचा भाग आहे. निवडीच्या स्वातंत्र्यात फ्रेमवर्कला मी सर्वांच्या वर ठेवतो. तिच्या काही पिढ्यांच्या यंत्रांची बायोस अपडेट मात्र फार काळ रेंगाळली, आणि ही उणीव डेल किंवा लेनोवोच्या व्यावसायिक मालिकांत तुलनेने कमी जाणवते.

म्हणून लिनक्ससाठी आज थिंकपॅड किंवा डेलची व्यावसायिक मालिका घेणे मी पहिल्या पसंतीचे मानतो, आणि यंत्र उघडून स्वतः दुरुस्त करण्याची आवड असणाऱ्याने फ्रेमवर्क पाहावे. ऑर्डर देण्यापूर्वी नेमके मॉडेल उबुंटूच्या प्रमाणित यंत्रांच्या यादीत आणि ह्यूज यांच्या वर सांगितलेल्या फर्मवेअर सेवेच्या सार्वजनिक यादीत आहे का, ते तपासावे. नावाच्या शेवटी पिढीचा आकडा जुळला पाहिजे, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांत कॅमेरा आणि वायफायची चिप बदललेली असते. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे कॅमेरे उपलब्ध असतील, तर यूएसबीवर चालणारा साधा कॅमेरा निवडावा, मग त्याचे चित्र कागदावर थोडे कमी दर्जाचे असले तरी चालेल.