'सिरियाना' : कंत्राट बदललं आणि वसीमची नोकरी गेली

'सिरियाना' २००५ चा सिनेमा, तेलाच्या राजकारणावरचा. मी गेल्या रविवारी बघितला, खानापूरला बहिणीच्या घरी, भाच्याच्या लॅपटॉपवर. भाचा बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनला आहे, पासपोर्ट काढून व्हिसाची वाट बघतोय. मी सहा वर्षं सौदीत जुबैलला पाइप फिटर होतो.

सुरुवातीलाच पहाटेच्या अंधारात मजूर बसमध्ये चढायला धडपडतात. मी सावरून बसलो. आमच्या कॅम्पच्या गेटवर असंच असायचं.

पुढं मात्र गोष्ट भराभर फुटते. अमेरिकेत दोन तेल कंपन्यांचं विलीनीकरण, त्याची चौकशी करणारा वकील, जिनिव्हातला सल्लागार, सीआयएचा थकलेला माणूस. "मामा, ह्यो कुठला आता?" असं भाच्यानं चार वेळा तरी विचारलं असेल. दिग्दर्शक स्टीफन गेगननं प्रेक्षकाला थोडं तरी सांभाळून घ्यायला हवं होतं. सीआयएवाल्या जॉर्ज क्लूनीला ऑस्कर मिळालं, ते योग्यच. पण मला त्याच्यापेक्षा आखातातला राजपुत्र नासिर जास्त पटला. आपल्या देशाच्या गॅसचं कंत्राट जास्त पैसे देणाऱ्या चिनी कंपनीला देतो, एवढाच त्याचा गुन्हा. इराणचा पंतप्रधान मोसादेक यानं १९५१ मध्ये तेल देशाच्या ताब्यात घेतलं आणि १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटननं त्याला खाली खेचलं. तो इतिहास ठाऊक असला की नासिरसाठी जिवाची धाकधूक होते.

खरा सिनेमा वसीमचा आहे. कंत्राट चिन्यांकडं जातं आणि या पाकिस्तानी पोराची आणि त्याच्या बापाची नोकरी जाते. नोकरी गेली की देशात राहायचा हक्कही गेला. २०१४ मध्ये बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली आलं, तेव्हा आमच्या कॅम्पमध्ये फोरमननं नावं वाचली. फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपली, आता कायमचा देश सोडायचा. भाव कुणी पाडला, का पाडला, आम्हाला कोण सांगणार? वरची सही आणि खालची चिठ्ठी यांतलं नातं या सिनेमाइतकं स्पष्ट मी दुसरीकडं बघितलं नाही.

माझी तक्रारही इथंच आहे. वसीम मदरशात जातो आणि बघता बघता बॉम्बवाल्या होडीत बसतो. हे फार घाईत उरकलंय. आमच्यातली माणसं कर्ज डोक्यावर घेऊन गप घरी आली, कुणी निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागलं, कुणी रिक्षा घेतली. वसीम तसा का परतला नाही, हे दाखवायला अजून पंधरा मिनिटं द्यायची होती. वकिलाची कमी केली असती तरी चाललं असतं.

संपल्यावर भाच्यानं एकच विचारलं, "मामा, फायनल एक्झिट दिलं की तिकीट कोण काढतंय?"

"कंपनीनं काढायचं असतं. करारात लिहिलंय का ते आधी बघ."

तो करार आणायला आत गेला.