नारळी पौर्णिमेला हातात नारळ घेऊन पळालो, त्याचा रिव्ह्यू

मुरुड म्हणजे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे, मॅपवर टाकताना तेवढं बघा. तिथे नारळी पौर्णिमेला सकाळी एक छोटीशी दौड असते, पाचेक किलोमीटरची, आणि ती पूर्ण एक नारळ हातात घेऊन पळायची. पिशवीत नाही, ओढणीत बांधून नाही, हातातच. नारळाला तडा गेला तर नंबर धरत नाहीत. मी आणि माझी नणंद यंदा पहिल्यांदा गेलो. फी २०० रुपये, त्यात नारळ, छातीवर लावायचा नंबर आणि नंतर चहा नि नारळीभात. मेडल नाही, टीशर्ट नाही, आणि मला त्याची काही कमी वाटली नाही.

पाऊस रात्रीपासूनच होता. आसूदच्या उतारावर वायपर फुल स्पीडला लावूनही समोरचं दिसेना, नणंद म्हणाली वहिनी आज कॅन्सलच करतील बघा, पण किनाऱ्यावर पोचलो तर शंभरेक माणसं छत्र्या मिटून सुरूच्या झाडांखाली उभी, पोरांच्या मनगटांवर सकाळीच बांधलेल्या राख्या भिजून रंग सोडतायत, आणि एक काकू मोठ्या टोपलीतून ज्याला त्याला नारळ निवडून देतायत. नारळ सोललेले पण शेंडी ठेवलेले. काकू प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघत होत्या, पाणी वाजलं तरच द्यायच्या.

शेंडी कशाला ठेवलीय ते पहिल्या दोनशे मीटरमध्ये कळतं. भिजलेली करवंटी साबणासारखी सटकते, तळव्यात धरवतच नाही. मी शेंडीला पीळ देऊन ती दोन बोटांत अडकवली आणि खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला, तर हात हलवता येईनात आणि दम लागायला लागला. मग नणंदेने सांगितलं तसं कोपर दुमडून बरगडीशी दाबून धरला आणि दर पाच मिनिटांनी हात बदलला, हे जमलं. वजन काही फार नाही, पण खांदा भरून येतो. आणि प्रत्येक पावलाला आतलं पाणी डुचमळतं, पावसाच्या आवाजातसुद्धा ते ऐकू येतं, मला तर त्याचीच लय सापडली.

आता तक्रार, आणि ती मनापासून करतेय कारण ही दौड मला खरंच आवडलीय. वेळ साडेसहाची दिली होती. सुटली सात वीसला. पाहुणे यायचे होते, मग सत्कार, मग भाषण. एरवी रेस उशिरा सुटली तर आपण चालवून घेतो, पण ही समुद्राच्या कडेने आहे आणि दिवस पौर्णिमेचा आहे. माझ्या शेजारी पाजपंढरी या कोळ्यांच्या गावचे एक काका उभे होते, ते म्हणाले, "ताई, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते." पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती साधारण सव्वाअकराला आणि ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, पाचच्या सुमाराला. त्यात पौर्णिमेचं उधाण, आणि पाणी सगळ्यात झपाट्याने चढतं ते मधल्या दोन तासांत, म्हणजे सात ते नऊ. नेमकं तेव्हाच आम्हाला सोडलं.

साडेसहाला सुटलो असतो तर शेजारच्या कर्दे गावाच्या बाजूला जाताना ओली घट्ट वाळू मिळाली असती, डांबरी रस्त्यासारखी. आम्हाला मिळाली वरची भुसभुशीत, घोट्यापर्यंत पाय जाणारी, आणि परतीला तर लाट येऊन पिंढऱ्यांवर आपटत होती. पुढची पोरं निघून गेली, मागे राहिलेल्या बायका आणि शाळकरी मुलांना मात्र डोंगरातून येणारा पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडताना एकमेकांचे हात धरावे लागले. स्वयंसेवक दादांनी दोर धरला होता, त्यांना शंभर मार्क. पण भाषणं नंतर भाताच्या पंगतीला ठेवा ना, लोक आनंदाने ऐकतील. आणि फॉर्मवर भरतीची वेळ छापा.

शेवटचा दीड किलोमीटर गावातून आहे आणि तो अप्रतिम आहे. दोन्ही बाजूंना माड-पोफळी, जांभ्याचे गडगे, पागोळ्यांखाली उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आज्या. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळ आहे, तिथे चालाच, पळू नका. हे महर्षी कर्व्यांचं मुरुड. परीक्षेला बसायला ते इथून भर पावसात चालत साताऱ्याला गेले होते आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मला ते त्या पाखाडीवर आठवलं आणि पायात जोर आला.

फिनिशला सगळ्यांचे नारळ समुद्रात टाकत नाहीत हे फार आवडलं. सोनेरी कागद लावलेला एकच नारळ, गाऱ्हाणं घालून, सगळ्यांच्या वतीने. बाकीचे आपापल्या घरी. नाहीतर शंभर नारळ भरतीने परत किनाऱ्यावरच आले असते. नारळीभात गुळाचा, लवंग जरा जास्त, पण टोपातून वाफाळता द्रोणात पडल्यावर भिजलेल्या माणसाला दुसरं काय हवं. मी दोनदा घेतला.

जाणाऱ्यांसाठी: नंबर कागदाचा आहे, भिजून फाटतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग पिना लावा. सामान ठेवायला ताडपत्रीसुद्धा नव्हती, कपडे गाडीतच ठेवा. पायाला जखम असेल तर गावातल्या साचलेल्या पाण्यातून पळू नका, लेप्टोचे, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचे, दिवस असतात. घड्याळात मला ५.६ किलोमीटर दिसले, पाचच्या हिशोबाने दम वाटून घेऊ नका.

पाचपैकी चार. साडेसहाला सोडलीत तर पाच, आणि पुढच्या वर्षी सासूबाईंनाही घेऊन येते, चालत पूर्ण करायची म्हणतायत.