जांभ्यावरची इलेक्ट्रिक गाडी : आठ महिन्यांनंतर

पावसला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं जळके पंप उघडतोय. त्यामुळे फेब्रुवारीत गाडी बघायला गेलो तेव्हा शोरूमवाला सनरूफ दाखवत होता आणि मी विचारत होतो, मोटर कुठली? त्याला सांगता येईना. परमनंट मॅग्नेटवाली सिंक्रोनस निघाली. बॅटरी 40 युनिटची, लिथियम आयर्न फॉस्फेट.

मोटरबद्दल एक अक्षर तक्रार नाही. जागेवरूनच पूर्ण जोर मिळतो. आमच्या वाडीच्या घाटीवर जुनी गाडी पहिल्या गिअरमध्येही कण्हायची, ही मुकाट्याने चढते.

पहिला त्रास दिला तो जमिनीने. सोबत मिळालेला चार्जर 15 अँपिअरच्या प्लगवर चालतो, पण आधी अर्थिंग तपासतो. ते मिळालं नाही की लाल दिवा लावून गप्प. मे महिन्यात आमचा जांभा असा वाळतो की अर्थिंग नावापुरतं उरतं. फ्रीजने, मिक्सरने आजवर कधी कुरकुर केली नव्हती. कंपनीला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर अपडेट करून बघा." मी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. हिरवा दिवा! पुढे नवा खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं आणि न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं. चार्जरवर मी रागावलो होतो, पण त्याचंच बरोबर होतं. इतकी वर्षं घरात शॉक बसला नाही ते नशीब.

तांब्याची तार आणायला कोल्हापूरला जावं लागतं. एकदा येताना घाटमाथ्यावरच्या आंबा गावी साडूकडे मुक्काम केला, रात्रभर लावून गाडी 100 टक्के भरली आणि सकाळी घाट उतरायला लागलो. एरवी पाय काढला की गाडी स्वतःला ओढून धरते, मोटरच जनरेटर होते. त्या दिवशी नुसती घरंगळायला लागली. कारण साधं आहे : बॅटरी गच्च भरलेली, तयार होणारी वीज ठेवणार कुठे? स्क्रीनवर तशी सूचना होती म्हणे, कोपऱ्यात, राखाडी अक्षरांत. वळणावर ती कोण वाचतो? आता तिथे 85 ला थांबवतो. चढताना तीनेक युनिट जादा जातात, त्यातलं निम्म्याहून जास्त साखरप्यापर्यंत परत येतं. फुकट मिळाल्याचा आनंद आहे त्यात, खोटं कशाला बोलू.

डिझाइन करणाऱ्याने मात्र कोकणातला पाऊस पाहिलेला नाही. जुलैत आतून काच धुरकटते. ती साफ करायची सोय स्क्रीनमध्ये, दोन पानं आत. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. ऑगस्टच्या अपडेटने ती तिथूनही हलवली आणि हातखंब्याजवळ, समोर ट्रक असताना, मी ती शोधत होतो. बायकोने पदराने काच पुसली. एक साधं बटण द्यायला काय हरकत होती?

आता खरी गंमत. जुलैत दहा दिवस मुलीकडे डोंबिवलीला गेलो. परत आलो तर गाडी मेलेली. रिमोटने दार उघडेना. रिमोटमधली लोखंडी चावी काढून उघडलं. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली, पण तिला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढले जाणारे मोठे स्विच, चालवायला 12 व्होल्टची छोटी बॅटरी लागते, आणि ती सपाट. का? गाडीतलं सिमकार्ड रात्रंदिवस जागं. आमच्या वाडीत रेंज येते-जाते, ते बिचारं टॉवर शोधत बसलं असणार. हा माझा तर्क. सर्व्हिसवाल्यांनी "नवीन बॅटरी घ्या" यापलीकडे काही सांगितलं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी ओढत आणून वायरी लावल्या, गाडी टणकन जागी झाली आणि तिने पहिलं काय केलं, तर सीटबेल्ट लावा म्हणून ओरडली.

आता परगावी जाताना छोट्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतो. माझ्या हाताला पान्याची सवय आहे म्हणून निभावतं. तुम्ही घेत असाल तर शोरूममध्ये सनरूफ नंतर बघा, आधी विचारा : गाडी उभी असताना छोटी बॅटरी मोठीवरून आपोआप भरते का?