सवयी नोंदवायचं ॲप, ४ महिने वापरल्यावर
रोज थोडं तरी चित्र काढायचं म्हणून हे ॲप घेतलं. सगळ्यात आवडलं ते हे की सवय टाकताना नुसतं काय करणार एवढंच नाही विचारत, कशानंतर करणार तेही लिहायला लावतं, मी लिहिलं जेवण झालं की वही उघडायची, आणि खरंच सांगते त्या एका ओळीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच रिमाइंडरने नाही पडला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं, अमुक झालं की तमुक करेन असं आधीच ठरवलं की ते होण्याची शक्यता वाढते.

पण ती स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस केलं त्याचा आकडा! एक दिवस तापाने झोपून होते तर ४१ चा आकडा थेट शून्य. इतकं वाईट वाटलं की पुढचे १० दिवस पेन्सिलच धरली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला अंदाजे २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंच दिसलं. म्हणून तो '२१ दिवसांत सवय' वाला बॅज पण काढा प्लीज, २२व्या दिवशी माणसाला उगाच वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आता स्ट्रीक सेटिंगमधून लपवलीय, फक्त महिन्याचं कॅलेंडर बघते. रंग छान, बॅटरी खात नाही. ५ पैकी साडेतीन, आजारपणाच्या सुट्टीचा पर्याय दिला तर साडेचार नक्की.