क्रूझच्या केबिनमध्ये सीपॅप: घरचं मशीन की एअरमिनी?

साताऱ्याहून मुंबई गाठून, झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घेऊन क्रूझवर चढणार असाल, तर आमचं मत घरच्याच मशीनला. ह्युमिडिफायरसह (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) बहुतेक मशीन एक ते दोन किलो भरतात, पण मास्क सवयीचा राहतो आणि केबिनच्या एसीत घसा कोरडा पडत नाही. एअरमिनी ही प्रवासासाठीची छोटी सीपॅप, जेमतेम ३०० ग्रॅम. पाण्याची टाकीच नाही; छोटा फिल्टर उच्छ्वासातला ओलावा धरून परत देतो. मात्र ती ठरावीक मास्कवरच चालते, हे विकत घेण्याआधी तपासा.

खरी अडचण विजेची. दोन्हींचे अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतात, त्यामुळे कन्व्हर्टर नको, पिन बदलणारा प्लग पुरतो. सॉकेट बहुधा आरशाच्या टेबलाशी, पलंगापासून लांब. सर्ज प्रोटेक्टरचा (व्होल्टेज अचानक वाढल्यास उपकरण वाचवणारा) बोर्ड चढतानाच काढून घेतला जातो, म्हणून एक्स्टेंशन वायर आणि टाकीसाठी डिस्टिल्ड वॉटर दोन्ही बुकिंग करतानाच लेखी मागा.

घरचं मशीन उशीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी नाकाकडे येत नाही. टाकी खुणेच्या वर भरू नका. जहाज डुललं की पाणी मशीनच्या आत शिरतं. उतरताना टाकी ओतून, पुसून मगच बॅगेत. एअरमिनीला यातलं काहीच करावं लागत नाही.